मृतांवर चाललेले खटले

नवऱ्याला मातीआड करून काही आठवडे लोटले होते. एका रात्री तो घरी आला आणि त्याने बायकोकडे आपल्या वहाणा मागितल्या. बाईने ही हकीकत गावाला सांगितली आणि घरदार सोडून ती परगावी निघून गेली.

ही गोष्ट १७२५ सालची. गावाचे नाव किसिल्येवो. सर्बियात, डॅन्यूब नदीच्या परिसरात ते आजही आहे. वहाणा मागणारा मृत म्हणजे पेतार ब्लागोयेविच नावाचा एक शेतकरी. त्याला पुरून दहा आठवडे झाले असताना गावात अचानक माणसे मरू लागली. आठ दिवसांत नऊ जण गेले. त्यांत म्हातारे होते तसे तरुणही होते. प्रत्येकाचे दुखणे जेमतेम एका दिवसाचे. मृत्युशय्येवर त्यांनी एकच सांगितले, की पेतार झोपेत आला, अंगावर बसला आणि त्याने गळा दाबला. मग विधवेच्या सांगण्याकडे दुर्लक्ष कोण करणार?

त्या भागात ऑस्ट्रियन सरकारचा फ्रॉम्बाल्ड नावाचा अंमलदार होता. गावकरी त्याच्याकडे गेले. आम्हांला कबर उघडायची आहे, तुम्ही आणि आमचे धर्मगुरू साक्षीला या, असे त्यांनी सांगितले. बेलग्रेडहून वरिष्ठांची परवानगी आणतो, असे म्हणून अंमलदाराने वेळ मागितला. परवानगी येईपर्यंत गावात माणूस उरणार नाही, तुर्कांच्या अमदानीत असेच एक गाव ओस पडले होते, असे उत्तर त्याला मिळाले. नाइलाजाने तो गेला. त्याने जे पाहिले ते सरकारी अहवालात लिहून ठेवले. शवाला दुर्गंधी नव्हती. नाक थोडे बसले होते, एवढे सोडले तर देह ताजा दिसत होता. केस, दाढी आणि नखे वाढल्यासारखी वाटत होती. जुनी त्वचा सोलून खाली नवी दिसत होती आणि तोंडात ओले रक्त होते. जमावाने अणकुचीदार खुंट छातीत ठोकला, तेव्हा कानांतून व तोंडातून पुष्कळ रक्त वाहिले. मग देह जाळून राख करण्यात आली.

अहवालाच्या शेवटी फ्रॉम्बाल्डने वरिष्ठांना विनवले आहे, की यात काही चूक झाली असल्यास तिचा दोष मला न देता भयाने भान हरपलेल्या जमावाला द्यावा. सबंध कारकुनी मजकुरात मला हेच वाक्य सर्वांत खरे वाटते. अंमलदार जमावाला भ्याला होता, आणि जमाव मेलेल्याला.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात हा अहवाल व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापला गेला. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द युरोपच्या सुशिक्षित वर्गासमोर आला तो अशा सरकारी कागदांतून. समजूत फार जुनी होती, कागद मात्र नवे होते. १७१८ च्या तहाने उत्तर सर्बिया तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे आला आणि १७३९ च्या तहाने पुन्हा तुर्कांकडे गेला. मधल्या एकवीस वर्षांत तेथे जर्मन भाषेत अहवाल लिहिणारे अंमलदार होते, लष्करी शल्यवैद्य होते, साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा होती. आधीही कबरी उकरल्या जात होत्या, परंतु त्याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते.

आपल्याकडे व्हॅम्पायर म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो चित्रपटातील उमराव. काळा झगा, लांब सुळे, वटवाघळाचे रूप आणि क्रूस दाखवताच मागे सरणारा. हे सारे मुख्यतः ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीचे आणि तिच्यावरून निघालेल्या चित्रपटांचे देणे आहे. सर्बियातील कागदांत सुळे नाहीत, वटवाघूळ नाही, किल्लाही नाही. तेथील व्हॅम्पायर हा शेजारच्या घरातला माणूस असतो. चेहरा लालसर, पोट फुगलेले, अंगावर कफन. तो छळतो तेही आपल्याच माणसांना.

आपल्या मराठी मुलखात या कल्पनेला नेमका जोड सापडत नाही. रिचर्ड बर्टन या इंग्रजाने १८७० मध्ये वेताळकथांचे रूपांतर ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ या नावाने प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून वेताळाला इंग्रजीत व्हॅम्पायर म्हणण्याची रूढी पडली. वास्तविक कथेतला वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो आणि राजाला कोडी घालतो, तर कोकण-गोव्यात तो गावाची राखण करणारा देव मानला जातो. मुंजा, हडळ, खवीस, समंध ही आपल्या लोककथांतील मंडळी बहुधा देहावाचून भटकणारी. जेथे मृताला अग्नी दिला जातो, तेथे परत यायला देह उरतोच कुठे? देहासकट परतणाऱ्या मृताची भीती दफन करणाऱ्या समाजांतच मूळ धरू शकते. म्हणून ही कहाणी ख्रिस्ती समाजांची आहे, आणि आपण ती परकी समजून बाजूला ठेवू नये.

किसिल्येवोनंतर सहा वर्षांनी मेद्वेजा या सर्बियन गावातून बातमी आली. तेथे सीमेचे रक्षण करणारे हायदुक, म्हणजे शस्त्र बाळगणारे शेतकरी, राहत. तीन महिन्यांत सतरा माणसे मेली होती. १७३१ च्या डिसेंबरात साथरोगांचा वैद्य ग्लाझर तपासणीसाठी आला. त्याला प्लेग आढळला नाही. ताप होते, छातीत व बरगडीत कळा येण्याचे विकार होते. परंतु लोकांचे समाधान होईना. रात्री दोन-तीन कुटुंबे एका घरात जमत. काही झोपत आणि बाकीचे पहारा देत. मृतांचा बंदोबस्त झाला नाही तर गाव सोडून जाऊ, असे त्यांनी निक्षून सांगितले. सीमेवरचे गाव रिकामे होणे सरकारला परवडणारे नव्हते. ग्लाझरने वरिष्ठांना सुचवले, की लोकांच्या समाधानासाठी का होईना, त्यांना हवे ते करू द्यावे.

१७३२ च्या जानेवारीत योहान फ्ल्यूकिंगर या लष्करी शल्यवैद्याच्या नेतृत्वाखाली आयोग आला. गावाने त्याला मूळपुरुषाची कथा सांगितली. अर्नाउत पावले (जर्मन कागदांत आर्नॉल्ड पाओले) नावाचा हायदुक सुमारे पाच वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला होता. तुर्कांच्या मुलखात असताना आपल्याला एका व्हॅम्पायरने छळले होते, आणि सुटका व्हावी म्हणून आपण त्याच्या कबरीची माती खाल्ली, त्याचे रक्त अंगाला फासले, असे तो जिवंतपणी सांगत असे. मेल्यावर महिन्याभरात त्याच्या नावाने तक्रारी सुरू झाल्या, चार माणसे मेली, आणि चाळिसाव्या दिवशी त्याला उकरून खुंट ठोकण्यात आला. खुंट ठोकताच तो कण्हला, अशी साक्ष आहे.

मग आयोगासमोर एकामागून एक कबरी उघडण्यात आल्या. हा अहवाल मी प्रथम वाचला तेव्हा भयाऐवजी मनात करुणा दाटून आली. स्ताना नावाची वीस वर्षांची मुलगी बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आजाराने गेली होती. जन्मताच मेलेले तिचे मूल घाईने उथळ पुरल्यामुळे कुत्र्यांनी अर्धे खाल्लेले आढळले. तिचा देह शल्यवैद्यांनी उघडून पाहिला. वार पडलेली नव्हती, गर्भाशय सुजलेले होते आणि आतून सडले होते, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. म्हणजे मृत्यूचे कारण डोळ्यांसमोर होते. तरीही बाकीचा देह ताजा दिसला म्हणून स्ताना व्हॅम्पायरांच्या यादीत गेली. मिलिझा ही साठीची बाई. जन्मभर ती किडकिडीत होती आणि कबरीत तिला बाळसे कसे चढले, याचेच जमलेल्या हायदुकांना आश्चर्य वाटले. स्तानोइका ही आणखी एक तरुण विवाहिता. मध्यरात्री किंचाळून उठली, नऊ आठवड्यांपूर्वी मेलेल्या मिलो नावाच्या मुलाने आपला गळा दाबला म्हणाली, आणि तीन दिवसांत गेली. तपासणी संपल्यावर ‘व्हॅम्पायर’ ठरलेल्यांची डोकी तोडून देह जाळण्यात आले आणि राख मोरावा नदीत टाकली गेली. जे नेहमीप्रमाणे कुजले होते, त्यांना पुन्हा कबरीत ठेवण्यात आले. कुजणे हीच निर्दोषत्वाची साक्ष!

शल्यवैद्यांच्या सह्या असलेला हा अहवाल त्याच वर्षी न्यूरेंबर्गला छापून निघाला आणि युरोपभर वाचला गेला. विद्यापीठांतून ग्रंथ निघू लागले. वैद्यांनी खोटे लिहिले असे कोणालाच म्हणता येईना, आणि खरे सांगायचे तर त्यांनी खोटे लिहिलेही नव्हते. त्यांनी पाहिले ते बरोबर पाहिले. चुकला तो त्याचा अर्थ.

जमिनीत पुरलेला देह फार सावकाश कुजतो. उघड्यावर एका आठवड्यात जेवढा बदल होतो, तेवढ्याला पाण्यात दोन आणि मातीत आठ आठवडे लागतात, असा न्यायवैद्यकातला जुना ठोकताळा आहे. त्यात सर्बियाचा कडक हिवाळा. कुजताना आत वायू तयार होतात आणि पोट फुगते, म्हणून मिलिझाला बाळसे चढले. वायूच्या दाबाने रक्तमिश्रित द्रव तोंडानाकातून बाहेर येतो. मृत्यूनंतर गोठलेले रक्त पुष्कळदा पुन्हा पातळ होते. वरची त्वचा सुटून खालचा भाग लालसर दिसतो. बोटांची कातडी आक्रसल्यामुळे नखे वाढल्यासारखी वाटतात. फुगलेल्या छातीत खुंट घातला की कोंडलेला वायू कंठातून बाहेर पडतो आणि आवाज होतो. पावले कण्हला तो असा. पॉल बार्बर या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अहवालांची ओळ न् ओळ अशी न्यायवैद्यकाच्या ज्ञानाशी ताडून दाखवली आहे. त्या काळी शवाची ही अवस्था पाहण्याची सवय वैद्यांनाही नव्हती. एकदा पुरल्यावर कबर पुन्हा उघडून कोण पाहतो?

येथे आपल्या मनात एक प्रश्न उभा राहणे साहजिक आहे. तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. न कुजलेला देह आपल्याला अपरिचित नाही. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र शव आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालेल्या शवप्रदर्शनाला आपल्यापैकी अनेक कुटुंबे जाऊन आली असतील. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर संत मरण पावले. मांस लवकर झिजावे आणि अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरला होता. पुढील फेब्रुवारीत पेटी उघडली तेव्हा देह ताजा आढळला. मलाक्कामार्गे तो १५५४ च्या मार्चमध्ये गोव्याला आला, आणि व्हाइसरॉयच्या वैद्याने तो तपासून साक्ष दिली.

गोव्यात वैद्य आणि ताजा देह, मेद्वेजातही वैद्य आणि ताजा देह. एकीकडे भाविकांची रीघ, दुसरीकडे खुंट आणि चिता! पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मुलखात, विशेषतः ग्रीक लोकांत, धर्मबहिष्कृताचा देह कुजत नाही अशी दृढ समजूत होती. काही वर्षांनी अस्थी उकरून धुण्याची त्यांची रीत आहे आणि त्या वेळी देह अखंड निघाला तर घरच्यांच्या काळजात धस्स होई. (त्याच ऑर्थोडॉक्स परंपरेत संतांचे अखंड देहही पूज्य आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.) तुर्नफोर नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने मिकोनोस बेटावर असा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. रोज होणाऱ्या उपद्रवाने गावकरी वेडेपिसे झाले होते. अडाणी खाटकाने हृदय शोधण्यासाठी छातीऐवजी आधी पोट फाडले, दुर्गंध लपवायला धूप जाळला, तर तो धूरच शवातून निघतो आहे असे लोक ओरडू लागले. अखेर १ जानेवारी १७०१ रोजी ते प्रेत जाळले गेले.

मग खूण एकच असेल तर निवाडा कशाच्या आधारे करायचा? याचा सर्वांत खोल विचार करणारा माणूस म्हणजे प्रोस्पेरो लांबेर्तिनी, पुढचे पोप चौदावे बेनेडिक्ट. संतपदाच्या प्रस्तावांवर आक्षेप घेण्याचे, लोक ज्याला गमतीने ‘सैतानाचा वकील’ म्हणतात ते, काम त्यांनी सुमारे वीस वर्षे केले होते. संतपदाच्या प्रक्रियेवरील त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १७३४ ते १७३८ या काळात निघाला. देह टिकण्याची नैसर्गिक कारणे अनेक असतात, त्यामुळे आधी त्या व्यक्तीच्या जीवनातील सद्गुण तपासावेत आणि देहाचा विचार नंतर करावा, अशी त्यांची पद्धत होती. संत फ्रान्सिस झेवियर यांना १६२२ मध्ये वेदीचा मान मिळाला तो त्यांच्या प्रेषितकार्यामुळे, चुन्याला न जुमानणाऱ्या देहामुळे नव्हे. ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत परमगुरूंनी व्हॅम्पायरांचाही समाचार घेतला आणि त्या कथा भीतीच्या व कल्पनेच्या पोटी जन्मल्या असे मत दिले.

ते एकटे नव्हते. इटलीतील त्रानीचे आर्चबिशप जुझेप्पे दावान्झाती यांनी १७४० च्या आसपास या विषयावर प्रबंध लिहिला. तो पुष्कळ वर्षे हस्तलिखितातच फिरत राहिला आणि १७७४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, नेपल्सला छापला गेला. त्यांचा एक प्रश्न मार्मिक आहे. हे भूत नेहमी गरीब खेडुतांनाच का धरते, विद्वानांच्या आणि उमरावांच्या वाटेला ते का जात नाही? लोरेनमधील बेनेडिक्टाइन मठाधिपती ओगुस्तँ काल्मे यांनी बायबलवर बहुखंडी भाष्य लिहिले होते. त्यांनी १७४६ मध्ये व्हॅम्पायरांवरील सर्व कथा एकत्र करून ग्रंथ काढला. चार-पाच फूट मातीखालून देह बाहेर कसा येतो आणि माती जराही न हलता परत कसा जातो? मृताला उठवणे हे एकट्या परमेश्वराचे काम असेल, तर सैतानाला हा अधिकार कोणी दिला? प्रश्न बिनतोड होते. परंतु काल्मेबाबांनी कथा इतक्या आवडीने सांगितल्या, की वाचकांना उत्तरांपेक्षा कथाच लक्षात राहिल्या. व्हॉल्तेरने त्यांची यथेच्छ टर उडवली. दिवसाढवळ्या रक्त शोषणारे व्यापारी आणि करवसुले मात्र आपण पाहिले आहेत, असा त्याचा टोमणा होता.

एवढ्यावर थांबलो तर चित्र फार उजळ होईल. मोराव्हिया आणि सायलेशियाच्या सीमेवर राहणारी माणसे कॅथलिक होती, आणि तेथे शवे जाळण्याचे निवाडे ओलोमोउत्स धर्मप्रांताच्या न्यायमंडळाच्या संमतीने होत. १७२३ मध्ये एका पुरुषाचा देह मृत्यूनंतर तेराव्या दिवशी जाळला गेला. कारण काय नोंदवले आहे? तर त्याच्या आजीची गावात ख्याती चांगली नव्हती. पुढच्या वर्षी आणखी एक देह जाळला, कारण तो माणूस पहिल्याचा नातेवाईक होता. १७५५ च्या आरंभी हेर्मर्सडोर्फ गावात रोझिना पोलाकिन या स्त्रीवर पाळी आली. ती डिसेंबरात मेली होती. भर थंडीत महिन्याभराने देह उकरला तर तो कुजलेला नव्हता. दफनभूमीच्या फाटकातून तिला नेणे योग्य वाटेना, म्हणून भिंतीला भगदाड पाडले आणि आकडा अडकवलेल्या दोराने देह बाहेर ओढण्याचे काम तिच्या घरच्यांनाच करायला लावले. मग शिरच्छेद आणि चिता.

ही वार्ता व्हिएन्नाला सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्या कानी गेली. तिने दोन वैद्य पाठवले आणि त्यांचा अहवाल आपला राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याच्या हाती दिला. हा डच गृहस्थ मूळचा लायडनचा. बुर्हावे या थोर वैद्याचा तो आवडता शिष्य, परंतु कॅथलिक असल्यामुळे प्रोटेस्टंट लायडनमध्ये त्याला प्राध्यापकपद नाकारले गेले होते. १७४५ पासून तो व्हिएन्नाला होता. त्याचे टिपण वाचताना त्याचा संताप लपत नाही. थंडी, घट्ट बंद पेटी, हवेचा अभाव, ही कारणे तो शांतपणे मांडतो. परंतु आजीच्या लौकिकावरून नातवाचे शव जाळणाऱ्या आणि निष्पाप मृतांना पवित्र भूमीतून बाहेर काढणाऱ्या लोकांकडे वळताच त्याची लेखणी तापते. त्यांत आपल्याच ख्रिस्तसभेचे अधिकारी होते, हे तो झाकत नाही. १ मार्च १७५५ रोजी सम्राज्ञीचा हुकूम निघाला. यापुढे अशा प्रकरणात धर्मगुरूंनी परस्पर काहीही करू नये, सरकारला कळवावे आणि वैद्याने तपासावे. वर उल्लेखिलेल्या १७२३ आणि १७२४ च्या घटना आपल्याला ठाऊक आहेत त्या याच टिपणामुळे.

हुकमाने खटले थांबले, भीती थांबली नाही. ती वेगळ्या देशात, वेगळ्या पंथातही दिसते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर येथे ब्राउन नावाच्या शेतकऱ्याची बायको आणि थोरली मुलगी क्षयाने गेली, मग १८९२ च्या जानेवारीत मर्सी ही धाकटी मुलगी गेली, आणि मुलगा एडविन खंगत चालला. क्षयाचे जंतू कॉख यांनी शोधून दहा वर्षे झाली होती. तरी शेजाऱ्यांच्या आग्रहापुढे बापाने मान तुकवली. मार्चमध्ये मर्सीचा देह तपासून तिचे हृदय दगडावर जाळले आणि राख पाण्यात कालवून भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द त्या घराने कधी उच्चारला असेल असे मला वाटत नाही. घरातले एकेक माणूस डोळ्यांदेखत झिजत जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी त्या बापाला हसू नये.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. २००४ साली रुमानियातील मारोतिनु दे सुस या खेड्यात एका वृद्धाच्या काही नातेवाइकांनी रात्री त्याची कबर उघडली, हृदय काढून जाळले आणि ती राख पाण्यातून प्यायली. घरातली एक आजारी मुलगी त्यामुळे बरी झाली, असे ते सांगत होते, आणि पोलीस का आले हेच गावाला समजत नव्हते. पोलीस आले होते ते मृताच्या मुलीने तक्रार दिली म्हणून.